एका दमाचा गोल

मला वास यायला लागले, तिथून ही सगळी गंमत सुरू झाली. वास आधीही होतेच म्हणा. माझं नाकच सुट्टीवर गेलं होतं. एका सकाळी कारखान्याचं दार ढकललं आणि ओल्या लाकडाचा असा दणदणीत वास आला की मी उंबऱ्यातच थबकलो. मागून येणारा बंब माझ्या पाठीवर आदळला.

"काय झालं?"

"साचे भिजत घातलेत. वास येतोय."

"साचे रोजच भिजत घालतात," बंब म्हणाला आणि मला बाजूला सारून आत गेला.

त्याला काय सांगणार, कप्पाळ! अख्खी हयात त्या साच्यांशेजारी काढली मी, आणि त्यांना वास असतो हे मला त्या दिवशी कळत होतं. मी जाऊन एक साचा चक्क हुंगला. कोणी बघितलं असेल तर बघो.

आमचा कारखाना काचेचा. दिव्यांवर बसवायचे गोल आम्ही करतो. भट्टीतून वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी नळीच्या टोकावर घ्यायचा, लाकडाच्या ओल्या साच्यात सोडायचा आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकायचं. काच फुगते, साच्याला सगळीकडून टेकते, गोल तयार. सांगायला एवढंच आहे, करायला जन्म जातो. मी फुंकणारा. बंब माझा जोडीदार, खाली बसून साचा मिटतो आणि उघडतो. बंब हे काही त्याच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नाही. तोंडातून सदानकदा धूर निघतो म्हणून आम्ही ठेवलेलं. आणि मी तरी कुठे कमी होतो? तो बंब, तर मी त्याच बंबाची चिमणी.

ही चिमणी बंद पडली ती मोठ्या गोलामुळे. मोठा गोल म्हणजे माणसाने दोन्ही हातांनी कवटाळावा एवढा. शहरातल्या जुन्या नाट्यगृहाच्या जिन्यावर ते लावलेले आहेत. तो एका दमात फुंकावा लागतो. मध्ये श्वास घ्यायला थांबलात, की काच तिथल्या तिथे जरा थिजते आणि कायमचा वळ उठतो. तो वळ लपत नाही. जिन्यावरचे सगळे गोल आमच्या वस्तादांनी केलेले. वस्ताद म्हणजे माझे गुरू, आणि पुढे सासरे. ते गोल फुंकून झाला की नळीवरून तोंड काढायचे आणि नवा श्वास न घेता, उरलेल्या दमावर ओरडायचे, "पाणी!" सगळा कारखाना दणाणायचा. दम अजून शिल्लक आहे, हे दाखवायची ती त्यांची ऐट. मग त्यांची लहान लेक दोन वेण्या उडवत पितळी पेला घेऊन धावत यायची. तीच आता माझी बायको.

तर गेल्या वर्षी मी पहिल्यांदाच असा मोठा गोल फुंकायला घेतला. अर्ध्यावर आलो आणि ढास लागली. नळीत खोकलो मी! काच फुगता फुगता लोंबकळली, साच्याच्या तोंडातून बाहेर ओघळली. बंबाने पाय मागे घेतले म्हणून वाचला. मी चौथऱ्यावर गुडघ्यात डोकं घालून बसलो, डोळ्यांतून पाणी, तोंडातून शिटीसारखा आवाज. वर पाहिलं तर समोर बायको उभी, तीही इथेच कामाला.

डॉक्टरीणबाईंकडे तिनेच नेलं. त्यांनी छाती ऐकली आणि विचारलं, "काय करता?"

"फुंकतो."

"ते कळलंच. काम काय करता?"

त्या दिवसापासून सिगारेट बंद. मी गांधीगिरी केली नाही, व्याख्यानं दिली नाहीत, गुपचूप सोडली आणि चिडचिड मात्र जाहीर केली. बायकोने घरातलं तळण बंद केलं, साखरेचा डबा उंच फळीवर गेला, ताटात पालेभाजी अशी वाढायला लागली की जणू मी गोठ्यातला सदस्य. सकाळी पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर चढायचं, तिथे दगडी पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी मी पायऱ्यांशीच भांडलो. "या कोणा उंटावरच्या शहाण्याने बांधल्या?" बायको वरून म्हणाली, "वर येऊन विचार."

आणि हळूहळू जादू व्हायला लागली. खरंच सांगतो, मला दुसरा शब्द सुचत नाही. आधी खोकला गेला. मग झोप आली, लहानपणी यायची तशी, उशीला डोकं टेकताच. मग पोट मागे सरकलं आणि पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडावं लागलं. ते पाडताना मला इतका आनंद झाला की चुकून दोन पाडली. मग ते वास आले. बायकोच्या केसांतल्या तेलाचा, उन्हात वाळलेल्या चादरीचा, चिरलेल्या काकडीचा! काकडीला वास असतो हे तुम्हांला माहीत असेल. मला विसर पडला होता. आणि एक दिवस टेकडीच्या वर पोहोचलो तेव्हा लक्षात आलं, मी सबंध पायऱ्या बोलत बोलत चढलो होतो. बायको म्हणाली, "आता बोलणं बंद करायचं औषध विचारायला हवं डॉक्टरांना."

म्हणजे घरी सगळं झकास. आणि कारखान्यात? कारखान्यात मी बुडत होतो.

त्यासाठी आमच्या दोन रिती आधी सांगायला हव्यात. पहिली रीत अशी, की बाद माल फुंकणाऱ्याने बघायचा नाही. फुंकलेले गोल एका लांब भट्टीत रात्रभर हळूहळू निवतात. सकाळी तपासणीच्या टेबलावर येतात. पास झालेला गोल तोंड खाली करून मऊ लोकरी बनातीवर ठेवतात. बाद झालेला टेबलामागच्या पत्र्याच्या पिंपात पडतो आणि संध्याकाळी मागच्या आवारातल्या ढिगावर जातो. फुंकणाऱ्याने त्या पिंपाकडे, त्या ढिगाकडे मान वळवायची नाही. का, तर हात घाबरतो. वस्तादांचं हे ठाम मत. त्या बाजूला काही काम निघालं तर आम्ही मान दुसरीकडे करून जातो. नवख्या माणसाला वाटेल, सगळ्यांच्या मानेत लचक भरली आहे.

दुसरी रीत फक्त आमच्या दोघांपुरती. तपासणीच्या टेबलावर माझी बायको बसते. लग्नाच्या पहिल्या वर्षी एका गोलाच्या काठावरून आम्ही कामाच्या वेळात असे कडाडून भांडलो की हातातल्या तापलेल्या नळीसकट मी तिच्याकडे निघालो होतो. मारायला नव्हे, समजवायला. पण बघणाऱ्याला काय कळणार? तेव्हापासून नियम झाला, कारखान्यात नवरा-बायकोने बोलायचं नाही. आणि घरचा नियम बायकोचा: काच उंबऱ्याबाहेर. घरात धंद्याचा शब्द काढायचा नाही. या नियमांवर आमचा संसार सुखाने चालला आहे, म्हणून मी कधी तक्रार केली नाही.

आता ऐका. सिगारेट सुटली, छाती मोकळी झाली, आणि माझे गोल बाद व्हायला लागले. आधी अधूनमधून. मग रोज. मी चौथऱ्यावर उभा असायचो, पाठीमागे पिंपात खळ्ळ आवाज व्हायचा, आणि मला कळायचं की तो माझाच. बाहेरून गोल अगदी बरोबर होते. साच्यातून निघताना मी पाहत होतो ना! आकार बरोबर, चकाकी बरोबर. रात्री निवताना मात्र तडे जायचे, असं भट्टीवाला सांगायचा.

मी काय केलं असेल? नाचता येईना अंगण वाकडं. निववायच्या भट्टीला शिव्या घातल्या. भट्टीवाल्याने उष्णता तपासली, ठीक निघाली. मग वाळूला नावं ठेवली. मग बंबाला म्हटलं, तू साचा नीट मिटत नाहीस. तो म्हणाला, "मी तोच आहे, साचा तोच आहे. बदललास तू."

तशात नाट्यगृहाचं काम आलं. रंगकाम करताना तिथे शिडी पडली आणि जिन्यावरचे काही गोल फुटले. जुन्यांशी जुळणारे नवे हवेत. मालकीणबाईंनी मला बोलावलं. बाई सरळ आहेत, गोड बोलून गळा कापणाऱ्यातल्या नाहीत.

"हवेचं यंत्र येऊ शकतं," त्या म्हणाल्या. "नळीला जोडायचं, बटण दाबायचं. मला ते आणायची हौस नाही. पण तुमचे छोटे गोलच इतके बाद होताहेत, मोठा कसा देऊ तुम्हांला?"

"एकदा देऊन बघा."

"शनिवारी एक गोल फुंका. झाला, तर सगळे तुमचे. नाही झाला, तर यंत्र सांगते, आणि तुम्ही बांधणीच्या खोलीत या. पगार तोच राहील."

पगार तोच राहील! म्हणजे वस्तादांच्या जावयाने, त्यांच्याच गोलांशेजारी लागणारे यंत्राचे गोल, गवतात गुंडाळून पेटीत भरायचे. मी "बरं" म्हणालो आणि बाहेर आलो.

जेवणाच्या सुट्टीत बंब शेजारी येऊन बसला. तो वाईट माणूस नाही हो. त्याला खरंच माझी काळजी वाटत होती.

"रागावू नकोस," तो म्हणाला, "पण तू सोडलीस तेव्हापासूनच हात गेलाय तुझा. शरीराला सवय असते. भट्टी विझवली की तीही तडकते की नाही? एक ओढ. औषध म्हणून ओढ. शनिवार निभला की परत सोड."

आणि त्याने एक सिगारेट माझ्या कानामागे खोचली.

मी ती काढून फेकून दिली असं लिहायला मला आवडलं असतं. पण मला त्याचं पटलं होतं. सगळा हिशेब त्याच्या बाजूने होता. ओढत होतो तेव्हा छोटे गोल पास होत होते. सोडली आणि बाद व्हायला लागले. टेकडी, पालेभाजी, पट्ट्याची भोकं, सगळं घेऊन काय चाटायचं, जर हातातलं कामच जाणार असेल? मी काडेपेटी घेतली आणि बायकोच्या नजरेला पडू नये म्हणून मागच्या आवारात गेलो. तिथे कोणी नसतं. तिथे फक्त ढीग असतो.

मान वळवूनच गेलो, सवयीप्रमाणे. सिगारेट ओठात धरली. नव्या नाकाला तिचा वास आला, जुन्या जळमटांचा येतो तसा, आणि तरीही मी काडी काढली. एक पाऊल मागे सरकलो, भिंतीच्या आडोशाला, आणि बुटाखाली काच चुरडली.

आवाज चुकीचा होता.

काच बुटाखाली कशी वाजते हे मला कोणी शिकवायला नको. आमच्या गोलाची काच करकरते. ही चुरचुरली, वाळक्या पानासारखी. मी खाली बघितलं. वस्तादांची आज्ञा मोडून, सरळ, मान खाली घालून, ढिगाकडे बघितलं.

वरच्या थरात माझेच गोल होते. गळ्याजवळ प्रत्येक फुंकणाऱ्याची खूण असते. माझी आडवी रेघ. एक अर्धा गोल उचलला. खांद्याशी काच जाड. बोट खाली आणलं, तर तळाशी इतकी पातळ की काच नखाने वाकेल की काय असं वाटत होतं. दुसरा उचलला. तसाच. तिसरा. खांदा जाड, तळ पातळ. मी गुडघ्यांवर बसलो आणि उकरायला लागलो. ढिगाचा वरचा भाग पुन्हा वितळवायला जातो, पण खालचा वर्षानुवर्षं तिथेच असतो. खालून मातीने माखलेला एक तुकडा निघाला, आडवी रेघ असलेला. गेल्या वर्षीचा मी! त्याचा तळ जाडजूड, कागदावर वजन म्हणून ठेवावा असा.

मी एका हातात गेल्या वर्षीचा तुकडा धरला, दुसऱ्या हातात कालचा. आणि माझ्या टाळक्यात लख्ख उजेड पडला.

गोळ्याचा तळ सगळ्यात गरम, सगळ्यात मऊ. पहिली फुंक तिथेच पोहोचते. फुंक दुबळी असेल तर तळ हलत नाही, जाड राहतो. फुंक दांडगी असेल तर तळ एकदम पुढे पळतो आणि पातळ होतो. बाहेरून साचा आकार बरोबर देतो, म्हणून काही दिसत नाही. रात्री निवताना जाड खांदा आणि पातळ तळ एकमेकांना ओढतात आणि तडा जातो. धुराने भरलेल्या छातीतून काम निघावं म्हणून मी वर्षानुवर्षं पहिली फुंक बेंबीच्या देठापासून मारत आलो होतो. तीच सवय अजून चालू होती. छाती मात्र आता दुसरीच होती!

हात गेला नव्हता. दम आला होता. इतका आला होता की काच फाटत होती!

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही, शब्द नव्हताच तो. ओठातली सिगारेट कुठेतरी उडाली. दोन तुकडे घेऊन मी कारखान्यात धावत शिरलो, आणि थेट तपासणीच्या टेबलापाशी जाऊन बायकोशी बोललो. सगळ्यांदेखत. कामाच्या वेळात. भट्टीवाल्याने हातातलं फावडं खाली ठेवलं.

"हे तू रोज बघतेस?"

बायकोने तुकड्यांकडे बघितलं, मग माझ्या मातीने माखलेल्या गुडघ्यांकडे. "तू ढीग बघितलास?"

"बघितला! तळ पातळ आहेत!"

"माहीत आहे मला. महिने झाले माहीत आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुठे सांगू?" ती उसळली. "इथे बोलायचं नाही, घरी काच काढायची नाही, आणि बाद माल तुला दाखवायचा नाही. बाबांचा शब्द आहे. मला वाटलं तू रागानं फुंकतोस. पालेभाजीचा राग माझ्यावर काढता येत नाही, म्हणून काचेवर काढतोस."

"अगं, राग नाही तो! दम आहे! फुप्फुसं आहेत माझी!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने गेल्या वर्षीचा तुकडा हातात घेतला, तळ चाचपला, मग कालचा घेतला. तपासणारीच ती, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं आणि ती हसायला लागली, दोन्ही एकदमच.

"बाबा म्हणायचे, बाद माल बघू नये, हात घाबरतो."

"तुझ्या बाबांनी कधी सिगारेट सोडली होती?"

"ते ओढतच नव्हते."

"मग त्यांना काय कळणार!"

मालकीणबाई आपल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या होत्या. "तुमचं भांडण चाललंय की लग्न?" त्यांनी विचारलं. "दोन्ही असलं तरी सुट्टी संपली आहे."

शनिवारपर्यंत मी जे शिकलो ते मला आयुष्यात कोणी शिकवलं नव्हतं: कमी फुंकायला. ऐकायला सोपं वाटतं ना? बघा करून. ज्याने उभा जन्म उपाशी काढला त्याला पंगतीत बसवून सांगा, हळू जेव. मी नळी तोंडाला लावली की छाती आपोआप तोफ डागायची. बंब खालून ओरडायचा, "हळू! हळू!" चष्मा पुसण्याआधी आपण काचेवर वाफ सोडतो, तेवढीच पहिली फुंक, मग काच साच्यात जराशी स्थिरावू द्यायची, मग लांब, सलग सोडायचं. दुधाने पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, मी काच तशी फुंकत होतो. दुसऱ्या दिवशी पिंपात खळ्ळ झालं, पण कमी वेळा. तिसऱ्या दिवशी फक्त एकदा, आणि तेही बंबाच्या धक्क्याने. बायको आता प्रत्येक बाद गोल मला हात वर करून दाखवायची, मग टाकायची. बोलायची नाही. नियम म्हणजे नियम. पण भिवया असल्या बोलक्या, की नियम काय करणार?

बंबाची सिगारेट मी ढिगाजवळ शोधून त्याला परत केली. "थोडी मातीची चव लागेल," म्हटलं. त्याने ती फुंकर मारून खिशात टाकली आणि जरा वेळाने विचारलं, "त्या पायऱ्या किती उंच आहेत रे?"

शनिवारी मोठा साचा हौदातून निघाला तेव्हा त्यातून पाणी ठिबकत होतं. मी सकाळी टेकडी चढून आलो होतो आणि पोट हलकं होतं. उगाच शूरपणा कशाला दाखवू? भीती वाटत होती. सिगारेट नव्हती, खोकला नव्हता; आता हरलो तर दोष द्यायला एकही जागा उरली नव्हती. छोट्या गोलाला पुरतो तो दम मोठ्याला पुरेल याची काय खात्री?

गोळा घेतला. एकदा, त्यावर पुन्हा, त्यावर पुन्हा, नळी जड होत गेली. फिरवत फिरवत चौथऱ्यावर चढलो. गोळा साच्यात सोडला, बंबाने साचा मिटला, पाणी फसफसलं, वाफ माझ्या तोंडावर आली, ओल्या लाकडाच्या वासाची. तो वास छातीभर घेतला आणि नळीला तोंड लावलं.

आधी वाफ. नुसती वाफ. थांबलो. मग सोडायला लागलो.

नळी हातात फिरते आहे, काच खाली उतरते आहे, पसरते आहे, हे ओठांना कळतं. अर्धा झाला. इथेच गेल्या वर्षी ढास लागली होती. माझ्या सगळ्या अंगाला ती जागा पाठ होती. आणि काही झालं नाही. खोकला आलाच नाही. मी पुढे गेलो. कधी न गेलेल्या भागात गेलो. पाऊण झाला, गाल दुखायला लागले, कानांत गुणगुण, वाटलं, संपला दम. पण घरात वर्षानुवर्षं बंद असलेली मागची खोली उघडावी आणि तीही नीटनेटकी निघावी, तसा छातीत आणखी दम निघाला. माझाच होता. मला ठाऊकच नव्हता. काच खांद्याला टेकली, मानेला टेकली, बंब खालून ओरडला, "भरला!"

मी तोंड काढलं. आणि अजूनही आत काही शिल्लक होतं.

मी ठरवलं नव्हतं, देवाशपथ. ते आपोआप आलं, नवा श्वास न घेता, उरलेल्या दमावर.

"पाणी!"

कारखाना दणाणला. भट्टीवाला वळला. मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. त्याही लहानपणी इथेच खेळलेल्या, ती हाक त्यांनाही पाठ. आणि तपासणीच्या टेबलामागची खुर्ची मागे पडल्याचा आवाज आला. माझी बायको, पन्नाशीच्या उंबरठ्यावरची, गुडघे दुखतात म्हणून हल्ली टेकडी सोडलेली, सगळ्या कारखान्याच्या मधून पेला घेऊन धावत आली. अर्धं पाणी वाटेत सांडलं. चौथऱ्याशी येऊन तिने हात वर केला, तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. दम लागला होता.

"पायऱ्या... चढत जा... जरा," मी म्हटलं.

"पी गुपचूप," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "उद्या तपासताना मी ओळख दाखवणार नाही. समजलं?"

दुसरा दिवस रविवारचा, तरी सगळे आले होते. बंबसुद्धा, धापा टाकत, कुठून आला हे विचारल्यावर म्हणाला, "टेकडीवर सहज गेलो होतो." गोल टेबलावर ठेवला होता. बायकोने चष्मा लावला. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. खांदा मापला, पोट मापलं, तळ मापला, पुन्हा खांदा. गोल उजेडात धरून फिरवला, वळ शोधत. नखाने टिचकी मारली आणि कान लावून तो नाद पूर्ण विरेपर्यंत ऐकला. मी श्वास धरून उभा होतो, आणि खूप वेळ धरू शकत होतो.

मग तिने गोल दोन्ही हातांनी उचलला, पदराने त्याच्या काठावरचे बोटांचे ठसे पुसले, आणि तोंड खाली करून बनातीवर ठेवला.